सी-डी-ई-एफ अशा ड्राइव्हची जुनी डिस्क, पार्टिशनची सॉफ्टवेअरे आणि विंडोज ११

अक्षरजुळारी

नमस्कार मंडळी. आमचे सांगलीत डीटीपीचे दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिले, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि दिवाळीच्या आधी एखाद्या अंकाची जुळणी असे काम चालते. दुकानातला मुख्य संगणक असेंबल केलेला आहे. त्यात आठव्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची एकच हार्ड डिस्क आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. नोंदणी केल्यास सुरक्षा अद्यतने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, म्हणून सध्या काम चालू आहे, पण त्याआधी विंडोज ११ वर जायचे आहे.

प्रोसेसर यादीत बसतो, तरीही तपासणीचे सॉफ्टवेअर ‘या संगणकात सिक्युअर बूट हवे’ असे सांगते. सिक्युअर बूट म्हणजे संगणक सुरू होताना केवळ विश्वासार्ह सही असलेले प्रोग्राम चालू देणारे संरक्षण. शोध घेतल्यावर कळले की आमचे विंडोज १० जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेले असून डिस्क एमबीआर प्रकारची (भागांची नोंद ठेवण्याची जुनी पद्धत) आहे, आणि सिक्युअर बूटसाठी यूईएफआय (संगणक सुरू करण्याची नवी) पद्धत व जीपीटी (भागांच्या नोंदीची नवी पद्धत) डिस्क लागते. मायक्रोसॉफ्टचे एमबीआर-टू-जीपीटी हे साधन केवळ पडताळणीसाठी चालवले, तर त्याने ‘डिस्क लेआउट व्हॅलिडेशन फेल्ड फॉर डिस्क झिरो’ एवढेच उत्तर दिले.

माझ्याकडे पार्टिशनचे, म्हणजे डिस्कचे भाग पाडण्याचे, एक रीतसर विकत घेतलेले जुने सॉफ्टवेअर आहे. मुलाच्या विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपला ही डिस्क बाहेरून जोडून त्या सॉफ्टवेअरने काम करावे, असा विचार केला, पण ते उघडताच ‘या उपकरणावर ड्रायव्हर लोड होऊ शकत नाही’ अशी सूचना येते. डिस्कवर सिस्टीम रिझर्व्ह्ड, सी, डी, ई आणि एफ असे भाग आहेत. एफवर जुन्या अंकांच्या फाइली आणि युनिकोडपूर्व काळातले फॉन्ट आहेत. सीवरचे पानजुळणीचे सॉफ्टवेअर पुन्हा टाकता येणार नाही, कारण त्याचे अॅक्टिव्हेशन आता मिळत नाही. म्हणून सगळे फॉरमॅट करून नव्याने सुरुवात करण्याचा मार्ग मला बंद आहे.

नीलमोहर

डिस्क मॅनेजमेंटमध्ये डी, ई, एफ यांच्यावरची पट्टी कोणत्या रंगाची दिसते, ते कृपया पाहून सांगा. गडद निळी असेल तर ती प्रायमरी पार्टिशने आहेत. निळी पट्टी असून भोवती हिरवी चौकट असेल तर ते एका एक्स्टेंडेड पार्टिशनमधले लॉजिकल ड्राइव्ह आहेत. पिवळसर हिरवा रंग दिसला तर डिस्क डायनॅमिक झालेली आहे आणि तो प्रश्न निराळा आहे.

अक्षरजुळारी

सिस्टीम रिझर्व्ह्ड आणि सी गडद निळे आहेत. डी, ई, एफ या तिघांभोवती मिळून एक हिरवी चौकट आहे.

सह्यकडा

मग पडताळणी का फसली, ते स्पष्ट आहे. एमबीआर-टू-जीपीटी हे साधन २०१७ मध्ये विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीबरोबर आले आणि त्याच्या अटी तेव्हापासून ठरलेल्या आहेत. डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशने असावीत, एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल पार्टिशन एकही नसावे, त्यांपैकी एक पार्टिशन (ज्यावरून संगणक सुरू होतो ते) अॅक्टिव्ह असावे आणि डिस्कच्या सुरुवातीला व शेवटी जीपीटीचे तक्ते मावतील एवढी मोकळी जागा असावी. तुमची डिस्क दुसऱ्याच अटीला अडते. नेमके कारण विंडोज फोल्डरमधल्या सेटअपअॅक्ट आणि सेटअपएरर या लॉग फाइलींत लिहिलेले असते. पडद्यावरच्या एका ओळीवर थांबू नये, त्या फाइली उघडून वाचाव्यात.

यामागचे तांत्रिक कारण समजून घेण्यासारखे आहे. एमबीआरमध्ये, म्हणजे डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये, पार्टिशनच्या नोंदींसाठी केवळ ६४ बाइट जागा आहे, आणि तिच्यात प्रत्येकी १६ बाइटच्या चारच नोंदी मावतात. चारांहून अधिक ड्राइव्ह हवे असले की एक नोंद एक्स्टेंडेड म्हणून द्यायची आणि तिच्या पोटात लॉजिकल ड्राइव्ह करायचे, अशी सोय काढली गेली. या लॉजिकल ड्राइव्हची यादी एका जागी लिहिलेली नसते. प्रत्येक ड्राइव्हच्या आधी एक छोटा तक्ता असतो आणि त्यात त्या ड्राइव्हची व पुढच्या तक्त्याची जागा नोंदलेली असते. लहान मुलांच्या खेळात एका चिठ्ठीत पुढच्या चिठ्ठीचा पत्ता असतो, तशीच ही रचना आहे. मधली एक चिठ्ठी बिघडली की पुढचे सगळे ड्राइव्ह दिसेनासे होतात, जरी त्यांवरची माहिती जागच्या जागी असली तरी.

आपल्याकडे असेंबल केलेल्या बहुतेक संगणकांवर सी, डी, ई, एफ अशी वाटणी वर्षानुवर्षे होत आली. त्यामागे विचारही होता, कारण विंडोज बिघडले तर सी तेवढा फॉरमॅट करायचा आणि बाकीचे ड्राइव्ह सुरक्षित राहायचे. त्या काळी हा शहाणपणाचा मार्ग होता. आज विंडोज ११ कडे जाताना तीच वाटणी आड येते, आणि हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही. २०१८ च्या सुमारास लेगसी पद्धतीने विंडोज १० टाकलेले असे संगणक गावोगावच्या दुकानांत, दवाखान्यांत आणि संस्थांच्या कचेऱ्यांत असणार.

दक्षिणवारा

तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाबद्दल, म्हणजे सॉफ्टवेअर विंडोज ११ वर का चालत नाही याबद्दल, थोडे विस्ताराने लिहितो.

पार्टिशनच्या सॉफ्टवेअरला डिस्कच्या कोणत्याही सेक्टरवर थेट लिहावे लागते. विंडोज एक्सपीपर्यंत प्रशासकाचे अधिकार असलेल्या प्रोग्रामला ते जवळपास विनाअडथळा करता येत असे. २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टापासून वापरात असलेल्या व्हॉल्यूमवर असे थेट लिहिणे विंडोजने रोखले. त्यामुळे अनेक उत्पादकांनी विंडोजच्या गाभ्यात चालणारा स्वतःचा ड्रायव्हर द्यायला सुरुवात केली आणि लिहिण्याचे काम त्याच्याकरवी होऊ लागले. असा ड्रायव्हर ज्याच्या हाती पडेल त्याला संपूर्ण डिस्क पुसून टाकता येते, ही त्यातली गंभीर बाब आहे.

ही भीती कल्पनेतली नाही. २३ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियाच्या आक्रमणाच्या आदल्या दिवशी, युक्रेनमधल्या संगणकांवर ‘हर्मेटिकवायपर’ नावाच्या घातक प्रोग्रामचा हल्ला झाला. त्याने डिस्क नष्ट करण्यासाठी स्वतःचा ड्रायव्हर लिहिलाच नव्हता. ईझयूएस पार्टिशन मास्टर या लोकप्रिय सॉफ्टवेअरचा, उत्पादकाची वैध डिजिटल सही असलेला ड्रायव्हर त्याने आपल्यासोबत आणला आणि त्याच्याकरवी एमबीआर व फाइल व्यवस्थेच्या नोंदी खराब केल्या. उत्पादकाचा यात हात नव्हता, पण प्रामाणिक कामासाठी बनवलेला ड्रायव्हर विध्वंसासाठी किती सहज वापरता येतो, ते सगळ्यांना दिसले.

मायक्रोसॉफ्ट अशा धोकादायक ड्रायव्हरांची यादी ठेवते आणि विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून ती यादी सगळ्या संगणकांवर मुळातच लागू असते. शिवाय ‘कोअर आयसोलेशन’मधील ‘मेमरी इंटिग्रिटी’ हे विंडोजच्या गाभ्याचे संरक्षण चालू असेल तर जुन्या धाटणीने लिहिलेले ड्रायव्हर, यादीत नसले तरीही, लोड होत नाहीत. तुम्हाला दिसलेली सूचना या संरक्षणाकडूनच येते. पुष्कळ व्हिडिओंमध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी बंद करा, काम करा, मग पुन्हा चालू करा’ असा सल्ला असतो. माझी कळकळीची विनंती आहे की तसे करू नये. ड्रायव्हर सॉफ्टवेअरबरोबर येतो, पण काम संपल्यावर तो बरोबर जाईलच असे नाही, आणि संरक्षण पुन्हा चालू करायचे अनेकांकडून राहून जाते. त्याच उत्पादकाची ताजी आवृत्ती घ्यावी, नाहीतर विंडोजची स्वतःची साधने वापरावीत.

माळरान

थोडा वेगळा अनुभव मांडतो. बाजारातल्या एका पार्टिशन सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने मी लॉजिकल ड्राइव्हचे प्रायमरीत रूपांतर केले आणि माहिती जशीच्या तशी राहिली. त्यानंतर एमबीआर-टू-जीपीटी विनातक्रार चालले. त्यामुळे या सगळ्या सॉफ्टवेअरांना सरसकट दूर ठेवावे, असे मला वाटत नाही. नवीन आवृत्ती असेल आणि बॅकअप घेतलेला असेल, तर हा मार्ग सोपा आहे.

सह्यकडा

माळरान, तुमच्या डिस्कवर एकूण किती पार्टिशने होती? हा मार्ग चुकीचा नाही, पण इथे तो लागू पडत नाही. अक्षरजुळारी यांच्याकडे सिस्टीम रिझर्व्ह्ड, सी, डी, ई आणि एफ मिळून पाच भाग आहेत. एमबीआरमध्ये चारांहून अधिक प्रायमरी बसत नाहीत आणि रूपांतराच्या साधनाला तर तीनच चालतात. म्हणजे तुमच्या पद्धतीने जायचे तरी आधी किमान दोन ड्राइव्ह रिकामे करून काढावे लागतील. माहिती हलवावी लागणारच असेल, तर पार्टिशनच्या नोंदी फिरवण्याची जोखीम वेगळी कशाला घ्यायची?

माळरान

माझ्याकडे सी आणि डी एवढेच होते. पाच भागांचा हिशेब मी लक्षात घेतला नव्हता. तुमचे म्हणणे रास्त आहे.

गोदाकाठ

मला एक मुद्दा कोणी मांडलेला दिसत नाही. जीपीटी असण्याची गरज केवळ ज्या डिस्कवरून विंडोज सुरू होते तिला आहे. माहितीसाठी जोडलेली दुसरी डिस्क एमबीआर असली, तिच्यावर लॉजिकल ड्राइव्ह असले, तरी विंडोज ११ ती बिनतक्रार वाचते व लिहिते. तेव्हा एक छोटी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घ्या, विंडोज तिच्यावर न्या आणि जुनी डिस्क तशीच्या तशी माहितीसाठी राहू द्या. डी, ई, एफ यांना हातच लावायला नको. फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज ११ रेंगाळते, म्हणून एसएसडीचा खर्च तसाही वाया जाणार नाही.

अक्षरजुळारी

हा विचार मला फार पटला. एकच शंका आहे. पानजुळणीच्या फाइलींमध्ये चित्रांचे दुवे संपूर्ण पत्त्यासह साठवलेले असतात. एफ ड्राइव्हचे अक्षर बदलून जी झाले, तर जुना अंक उघडताच प्रत्येक पानावरचे प्रत्येक चित्र ‘सापडत नाही’ असे येईल. अडीचशे पानांच्या अंकात ते दुवे पुन्हा जोडत बसणे शक्य नाही. अक्षरे तीच राहतील याची खात्री कशी मिळवावी?

दक्षिणवारा

यात कामाचा क्रम सांभाळला तर अक्षरे टिकतात. विंडोज हे कसे लक्षात ठेवते, ते आधी पाहू.

प्रत्येक एमबीआर डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये चार बाइटची एक सही असते. रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतल्या, ‘माउंटेड डिव्हायसेस’ या जागी विंडोज प्रत्येक अक्षरापुढे डिस्कची सही आणि पार्टिशन कुठून सुरू होते तो आकडा, अशी जोडी नोंदवते. एफ म्हणजे अमुक सहीच्या डिस्कवर तमुक जागी सुरू होणारे पार्टिशन, एवढेच त्याला ठाऊक असते. तुम्ही जुनी डिस्क एसएसडीवर क्लोन केलीत, म्हणजे तिची हुबेहूब प्रत उतरवलीत, तर क्लोन करणारे साधन बहुधा सहीही तशीच उतरवते. मग दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडून संगणक सुरू केला, की दोघींची सही एकच निघते. विंडोज त्यांपैकी एकीला ऑफलाइन ठेवते आणि ती पुन्हा ऑनलाइन आणताना तिला नवी सही देते. जुन्या डिस्कची सही बदलली की डी, ई, एफ यांच्या नोंदी निरुपयोगी ठरतात आणि अक्षरे नव्याने वाटली जातात. तुमची शंका अगदी योग्य जागी आहे.

म्हणून पुढील क्रम सुचवतो. सर्वप्रथम एफवरच्या फाइलींचा बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या आणि त्यातल्या काही फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. त्यानंतर सिस्टीम रिझर्व्ह्ड आणि सी ही दोनच पार्टिशने एसएसडीवर क्लोन करा. हे काम पेनड्राइव्हवरून सुरू होणाऱ्या साधनाने करणे चांगले, म्हणजे विंडोज त्या वेळी चालूच नसेल. मग संगणक बंद करून जुन्या डिस्कची केबल काढा आणि एकट्या एसएसडीवरून लेगसी पद्धतीनेच विंडोज १० सुरू होते का ते पाहा. ते सुरू झाले, तर आता तुमच्यापुढे अशी डिस्क आहे की जिच्यावर दोनच प्रायमरी पार्टिशने असून लॉजिकल एकही नाही, म्हणजे एमबीआर-टू-जीपीटीची पडताळणी बहुतेक पार पडेल. चालू विंडोजमधूनच रूपांतर करायचे असल्यास आज्ञेला ‘अलाउ फुल ओएस’ हा पर्याय जोडावा लागतो. रूपांतरानंतर लगेच बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ मांडणीत) जाऊन सीएसएम ही लेगसी पद्धतीची सोय बंद करा, यूईएफआय चालू करा, आणि इंटेलच्या बोर्डावर टीपीएमसाठी (विंडोज ११ ला लागणाऱ्या सुरक्षेच्या घटकासाठी) पीटीटी नावाची सोय असते तीही चालू करा.

जुनी डिस्क यानंतरच जोडायची. एसएसडी आता जीपीटी झालेली असल्यामुळे तिची ओळख १२८ बिटांच्या वेगळ्या क्रमांकाने होते, चार बाइटच्या सहीने नाही, आणि म्हणून सहीची टक्कर उद्भवतच नाही. रजिस्ट्रीही क्लोन होऊन आलेली आहे, तेव्हा तिच्यातल्या डी, ई, एफ यांच्या नोंदी जुन्या डिस्कशी जुळतील. घाईने एखादे अक्षर कार्ड रीडरने किंवा पेनड्राइव्हने पटकावले असेल, तर डिस्क मॅनेजमेंटमधून ते परत देता येते.

नीलमोहर

एक पुरवणी. पेनड्राइव्हवरून क्लोन करण्यापूर्वी विंडोज पूर्णपणे बंद करणे अत्यावश्यक आहे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आले आहे. त्यात नेहमीच्या शटडाउनने विंडोजचा गाभा खऱ्या अर्थाने बंद होत नाही, त्याची स्थिती हायबरनेशनच्या फाइलीत जपून ठेवली जाते. अशा अवस्थेतल्या सी ड्राइव्हला हात लावायला लिनक्सवर चालणारी साधने नकार देतात, आणि तो नकार योग्यच असतो. शिफ्ट दाबून ठेवून शटडाउन करावे किंवा हायबरनेशनच बंद करावे.

मांडवीकाठी

याच विषयाला धरून विचारतो. पणजीहून लिहीत आहे. मी नवा लॅपटॉप घेतला असून त्यावर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आहे. ५१२ जीबीचा एकच सी ड्राइव्ह आहे आणि मला त्यातून डी वेगळा काढायचा आहे. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून जीपार्टेड हे पार्टिशनचे साधन उघडले तर सीपुढे ‘बिटलॉकर’ (विंडोजचे डिस्क एन्क्रिप्ट करण्याचे, म्हणजे कुलूपबंद करण्याचे, साधन) असे दिसते आणि आकार बदलण्याचा पर्यायच मिळत नाही. मी बिटलॉकर कधीच चालू केलेले नाही.

सह्यकडा

२४एच२ आवृत्ती मुळात असलेल्या किंवा नव्याने टाकलेल्या संगणकांवर, मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवातीची मांडणी केली की ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आपोआप चालू होते, होम आवृत्तीवरसुद्धा. त्यासाठीच्या हार्डवेअरच्या अटी या आवृत्तीत सैल केल्या गेल्या. बाहेरून पाहणाऱ्या साधनाला आत एनटीएफएस ही विंडोजची फाइल व्यवस्था आहे हे दिसूच शकत नाही, त्यामुळे जीपार्टेड हात वर करते.

दुसरे काही करण्याआधी आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ४८ अंकांची रिकव्हरी की पाहा आणि ती कागदावर उतरवून घरात जपून ठेवा. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण बूटच्या मांडणीत बदल झाल्यावर लॅपटॉप ती की मागू शकतो, आणि की नसेल तर त्या डिस्कवरची माहिती परत मिळवण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. डी काढण्यासाठी मात्र एन्क्रिप्शन उलगडण्याची गरज नाही. चालू विंडोजमध्ये सी उघडलेलाच असतो, त्यामुळे डिस्क मॅनेजमेंटमधला ‘श्रिंक व्हॉल्यूम’ हा पर्याय त्यावर नेहमीसारखा चालतो.

श्रिंक अपेक्षेपेक्षा कमी जागा देत असेल, तर एखादी न हलणारी फाइल वाटेत असते. पेजफाइल, हायबरनेशनची फाइल आणि रिस्टोअर पॉइंट ही नेहमीची कारणे. इव्हेंट व्ह्यूअरच्या अॅप्लिकेशन लॉगमध्ये २५९ क्रमांकाची नोंद शोधा. आकुंचन कोणत्या फाइलीपाशी अडले, तिचे नाव तिथे लिहिलेले असते.

मांडवीकाठी

२५९ क्रमांकाच्या नोंदीत हायबरनेशनच्या फाइलीचे नाव होते. हायबरनेशन तात्पुरते बंद केल्यावर हवी तेवढी जागा मिळाली आणि डी तयार झाला. रिकव्हरी की उतरवून ठेवली आहे. मनःपूर्वक आभार.

अक्षरजुळारी

सर्वांनी सांगितल्याप्रमाणे क्रम पाळला. बॅकअप, क्लोन आणि एकट्या एसएसडीवरून विंडोज १० सुरू करणे हे टप्पे सुरळीत पार पडले. पडताळणी या वेळी यशस्वी झाली आणि रूपांतरही झाले. सीएसएम बंद करून, पीटीटी व सिक्युअर बूट चालू करून जुनी डिस्क जोडली, तेव्हा डी, ई, एफ आपापल्या अक्षरांवर आले. २००९ सालचा एक अंक उघडला आणि त्यातले प्रत्येक चित्र जागेवर होते, हे पाहून किती हायसे वाटले ते शब्दांत सांगता येणार नाही. अंक जसाच्या तसा उघडला, याचे श्रेय या चर्चेला आहे.

विंडोज ११ कडे जाण्यापूर्वी एक गोष्ट विचारतो. रूपांतराच्या शेवटी ‘रीएजंट एक्सएमएल अद्ययावत करता आली नाही, विंडोज आरई हाताने बंद करून पुन्हा चालू करा’ अशा अर्थाची ओळ आली. याची काळजी करावी का?

नीलमोहर

ही ओळ बऱ्याच जणांना येते आणि रूपांतर त्यामुळे अपुरे राहत नाही. दुरुस्तीचे जे छोटे विंडोज वेगळे ठेवलेले असते, त्याचा पत्ता रूपांतरात बदलतो, आणि नवा पत्ता नोंदवणे तेवढे बाकी राहते. प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, रीएजंटसी ही आज्ञा आधी ‘डिसेबल’ आणि मग ‘एनेबल’ या पर्यायांसह चालवा, आणि शेवटी ‘इन्फो’ देऊन स्थिती ‘एनेबल्ड’ दिसते का ते पाहा.

दक्षिणवारा

‘इन्फो’ पाहताना त्या रिकव्हरीच्या भागात किती जागा मोकळी आहे, तेही तपासा. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी केबी५०३४४४१ हे सुरक्षा अद्यतन आले, तेव्हा असंख्य संगणकांवर ते ८००७०६४३ या त्रुटीने अडले, कारण त्याला रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि तेवढी ती अनेकांकडे नव्हती. तुमच्या जुन्या डिस्कवर वेगळे रिकव्हरी पार्टिशन नव्हतेच, त्यामुळे सध्या ते दुरुस्तीचे विंडोज सिस्टीम रिझर्व्ह्डमध्ये किंवा सीवरच्या रिकव्हरी फोल्डरमध्ये असेल. ११ कडे जाताना गरज वाटली तर सेटअप सीच्या शेवटची थोडी जागा कापून वेगळे पार्टिशन करते. ते तयार झाले तर कोणत्याही सॉफ्टवेअरने ते पुसू नका आणि सीला चिकटून उजवीकडेच राहू द्या. पुढे कधी सी वाढवावासा वाटला आणि ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ हा पर्याय फिकट दिसला, तर मध्ये हेच पार्टिशन उभे आहे असे समजावे. तेव्हा आधी रीएजंटसी डिसेबल करून दुरुस्तीची फाइल सीवर आणायची, ते पार्टिशन काढून सी वाढवायचा, शेवटी १ जीबीच्या आसपास जागा मोकळी सोडून तिथे रिकव्हरी पार्टिशन पुन्हा करायचे आणि रीएजंटसी एनेबल करायचे.

अक्षरजुळारी

रीएजंटसी डिसेबल आणि एनेबल केले. स्थिती ‘एनेबल्ड’ दिसते आहे. रविवारी दुकान बंद असते, तेव्हा विंडोज ११ टाकायला घेईन. त्या दिवशी जुन्या डिस्कची केबल काढूनच ठेवतो.